लेखकाचे मूळ गाव

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



‘लेखकाची जडणघडण आणि त्याची मुळे’ हा विषय मला देताना कार्यवाहांनी एक प्रेमळ सूचनाही सोबत दिली होती : ‘आपल्या भागातील सर्व साहित्यिकांची नावे येतील एवढे पाहा.’ या सूचनेमागील भावना मी जाणते. सीमाभागातील वाचनालयाला आपल्या साहित्यिकांची यादी ही नुसती यादी नसते. तो एक पुरावा असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून आपण कोठे ना कोठे पुरावे सादर करीत आलो आहोत. आयोगापुढे केले, न्यायालयापुढे केले, आणि बाहेरगावचा पाहुणा आला की कुंद्याच्या पुड्याबरोबर त्याच्याही पुढे केले. जी. ए. आमचे, इंदिराबाई आमच्या, आणि लंपन तर आमचाच! मीही हे अनेकदा म्हटले आहे, अभिमानाने म्हटले आहे. आज मात्र त्या ‘आमचे’ या शब्दापाशीच जरा थांबावे असे वाटते. म्हणून कार्यवाहांची क्षमा मागून सांगते, की यादी मी देणार नाही. तिघांविषयीच बोलेन, आणि त्यांतले दोघे एकाच घरातले आहेत.

लेखक आणि परिसर यांचे नाते सांगणारी सूत्रे समीक्षेत पुष्कळ आहेत. तेन या फ्रेंच समीक्षकाने एकोणिसाव्या शतकात वंश, परिसर आणि काल ही त्रयी मांडली आणि आपल्याकडेही ती दीर्घकाळ फिरत राहिली. शिक्षिका म्हणून मी ती किती वेळा फळ्यावर लिहिली असेल याची गणती नाही. लिहिताना एक अडचण मात्र दरवेळी जाणवे. परिसर सर्वांना सारखाच मिळतो. आपल्या गावचा पाऊस, किल्ल्याचा खंदक, रेल्वेचे फाटक, घरात मराठी आणि बाजारात कानडी हा रोजचा व्यवहार, हे हजारो मुलांच्या वाट्याला आले. त्यांतील एखाददुसरेच लेखक झाले, आणि जे झाले ते एकमेकांसारखे मुळीच झाले नाहीत. एका मातीतून इतकी निरनिराळी झाडे कशी उगवली, हे सूत्र सांगत नाही.

१९४६ हे वर्ष घेऊ. आपल्या शहराच्या इतिहासात ते ठळक अक्षरांनी लिहिले गेले आहे. त्या वर्षी ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन येथे भरले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव त्या संमेलनाने केला. आपल्या प्रत्येक समारंभात त्याचा उल्लेख होतो आणि तो व्हावाच. त्याच १९४६ साली आणखी एक गोष्ट घडली, जिचा कोणत्याही ठरावात उल्लेख नाही. प्रा. ना. मा. संत निवर्तले. ते लघुनिबंधकार होते, कविताही लिहीत. ‘सहवास’ हा त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा संयुक्त कवितासंग्रह. मागे राहिली तरुण पत्नी आणि लहान मुले. मुलांतला प्रकाश तेव्हा आठनऊ वर्षांचा होता.

पहिल्या घटनेतून चळवळ निघाली. माणसे तुरुंगात गेली, काहींनी प्राण दिले. तिचे मोल मी तसूभरही कमी लेखत नाही. परंतु आज आपला विषय साहित्य आहे, आणि साहित्याच्या अंगाने पाहता त्या वर्षातून जे निघाले ते दुसऱ्या घटनेतून निघाले. १९५१ साली ‘शेला’ आला, त्यामागून ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’. आणि जवळजवळ अर्धशतकानंतर, त्याच घरातील मुलाच्या हातून, लंपन आला.

इंदिराबाईंचा जन्म १९१४ सालचा, विजापूर जिल्ह्यातील इंडीचा. बालपणाचे नाते निपाणीजवळच्या तवंदीशी. शिक्षण कोल्हापूर आणि पुणे येथे, आणि पुढचे संसाराचे, नोकरीचे, वैधव्याचे दीर्घ आयुष्य बेळगावात. आता त्यांच्या कवितेत बेळगाव शोधायला बसा. पाऊस सापडेल, संध्याकाळ सापडेल, अंगण, झाड, दाराची चौकट सापडेल. गावाचे नाव शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. मग मुळे कोठे आहेत? त्याचा धागा मला त्यांच्या एका वेगळ्याच कामात सापडला. उतारवयात त्यांनी ‘मालनगाथा’ सिद्ध केली. जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या ओव्या त्यांनी गोळा केल्या, मायेने लावल्या आणि त्यांचा अर्थ उलगडून दाखवला. हे काम केवळ लोकसाहित्याच्या अभ्यासकाचे नव्हे. ते माहेरी परतलेल्या लेकीचे आहे. ते वाचल्यावर मी पुन्हा त्यांच्या कवितेकडे वळले, आणि इतकी वर्षे जी गोष्ट कानाला जाणवत होती तिला नाव मिळाले. ओवीत बाई आपले दुःख थेट सांगत नाही. हात कामात असतात, आणि दुःख त्या कामाच्या ओघात, एखाद्या झाडाच्या, पाखराच्या, वाटेच्या आडोशाने बोलले जाते. ओळ छोटी असते, कारण जात्याचा फेरा छोटा असतो. इंदिराबाईंच्या कवितेतला संयम, थोडक्यात थांबणे, वस्तूच्या आडून बोलणे, हे सारे केवळ त्यांच्या स्वभावातून आले नसावे. माझ्या मते ते त्या जात्यापासचे आहे. म्हणजे गाव त्यांच्या कवितेत चित्र म्हणून आलेच नाही. बोलण्याची रीत म्हणून आले. १९८४ साली ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा गावाने मोठ्या उत्साहाने आपले अभिनंदन करून घेतले. त्या पुरस्कारात निरक्षर दळणाऱ्या बायकांचाही वाटा होता, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही. माझ्या तरी आले नव्हते.

आता मुलगा. प्रकाश नारायण संत हे त्यांचे जन्मनाव. आजोळी दत्तक गेल्यामुळे व्यवहारात ते भालचंद्र गोपाळ दीक्षित झाले. भूशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांचे आयुष्य कऱ्हाडला, कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या गावी गेले. परंतु लिहायला बसल्यावर त्यांनी दत्तक घराचे नाव बाजूला ठेवले आणि जन्मनाव घेतले. माणसाची मुळे कोठे आहेत हे जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पगारपत्रक यांवरून ठरवायचे तर तिघांची साक्ष एकमेकांशी जुळेलच असे नाही. लेखक मात्र कोणत्या नावाने लिहायचे हे स्वतः ठरवतो.

‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही लंपनची चार पुस्तके १९९४ ते २००२ या काळात आली. २००३ साली लेखक अपघातात गेले. आईवडील दुसऱ्या गावी आणि मुलगा आजी-आजोबांपाशी, ही या कथांची मांडणी आपण सारे जाणतो. आजीची माया अपार आहे, सवंगडी आहेत, सुमी आहे, गाणे आहे. तरी पहिल्या पुस्तकाचे नाव ‘वनवास’ आहे. पुढे या कथांत वडिलांचा मृत्यूही येतो. लंपन आपले दुःख ‘दुःख’ म्हणून सांगत नाही. तो अचाट आकडे फेकतो, प्रत्येक गोष्टीला ‘मॅड’ म्हणतो, भलतीकडेच बघतो, आणि जे त्याला नीट कळलेले नाही ते वाचकाला कळते. येथे मला आईची रीत आठवते. आडोसा घेऊन बोलणे तेच. परंतु आईने झाडाचा आडोसा घेतला, मुलाने हसण्याचा. घर एक, मृत्यू एक. आईच्या वाट्याला सहचराची उणीव आली आणि ती तिने जवळजवळ त्याच वेळी, त्याच गावात राहून लिहिली. मुलाच्या वाट्याला न समजलेली पोकळी आली. ती पुस्तकांत उतरायला त्याला दुसरे गाव लागले आणि मध्ये कित्येक दशके जावी लागली. मूळ सारखे असले तरी ते जमिनीवर केव्हा यायचे, कोणत्या रूपाने यायचे, हे ज्याचे त्याने ठरवले. पायाखालच्या थरांचे वय सांगणे हा ज्यांचा व्यवसाय, त्या गृहस्थांनी ही घाई केली नाही याचे मला नवल वाटत नाही.

येथे स्वतःविषयी थोडे बोलते. ते विषयाला सोडून नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी पुण्यास गेले. पहिल्याच आठवड्यात तास संपल्यावर मैत्रिणींना म्हणाले, ‘बसा तुम्ही, मी जातो.’ आपल्याकडे बायका असेच बोलतात. कोल्हापुरापासून इकडे सर्वत्र बोलतात. वर्गात हशा पिकला. दाराशी उभे असलेले प्राध्यापकही हसले आणि ‘मुलगा की मुलगी हे आधी ठरवा,’ असे म्हणाले. त्यात दुष्टावा नव्हता. परंतु त्या दिवसापासून मी माझ्या जिभेवर पहारा बसवला. ‘जाते’, ‘येते’, ‘करते’. वर्षभरात हेल गेला, वाक्याशेवटचा ‘की’ गेला. सुट्टीत घरी आले तेव्हा आई म्हणाली, ‘छान बोलायला लागलीस, पुण्याचीच वाटतेस.’ तिला कौतुक होते, आणि मलाही तेव्हा ते कौतुकच वाटले. पुढे तीस वर्षे मी याच भागातल्या मुलींची ‘अशुद्धे’ लाल शाईने दुरुस्त केली. माझ्या हातून किती जणींच्या वहीतली आजी अशी खोडली गेली असेल, ते मला आता मोजता येणार नाही.

‘वनवास’ हाती आले तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते. दुसऱ्यातिसऱ्या पानावरच मला पुस्तक खाली ठेवावे लागले. आमच्या बोलण्याची चाल छापील पानावर, आणि तिच्या शेजारी कंस नाही, कोणी क्षमा मागत नाही, कोणी हसत नाही. येथे एक भेद नोंदवला पाहिजे. पु. ल. काही काळ बेळगावात प्राध्यापक होते, आणि ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रात आपल्याकडचे बोलणे त्यांनी असे टिपले आहे की कान तृप्त होतात. पण ते बोलणे ऐकणारा माणूस बाहेरून आलेला आहे. त्याला ते नवे आहे, म्हणून गोड आहे. लंपनच्या कथेत ऐकणारा बाहेरचा कोणी नाहीच. सांगणारा मुलगाच तसा बोलतो, आणि आपण काही निराळे बोलतो आहोत याचा त्याला पत्ताही नाही. गावची बोली निपुण कानाला उचलता येते. ती निराळी आहे हे ठाऊकच नसणे मात्र बाहेरून उचलता येत नाही. मुळांविषयी मला जे काही खात्रीने म्हणता येईल ते एवढेच.

तिसरे नाव जी. एं.चे, आणि येथे माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा आहे. १९२३ साली जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि शिकलेले जी. ए. कुलकर्णी पुढे धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि आयुष्याची बहुतेक वर्षे तेथेच राहिले. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ या आरंभीच्या संग्रहांत आपल्या ओळखीची घरे आहेत : कोंदट, ओढगस्तीची, एकमेकांना जखमा करणाऱ्या माणसांनी भरलेली. परंतु पुढे हा लेखक गाव सोडून निघाला. १९७५ साली आलेल्या ‘रमलखुणा’त दोनच दीर्घकथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. त्यांतला भूप्रदेश कोणत्याही नकाशावर नाही. येथे कोणी म्हणेल की या लेखकाने मुळे तोडली. मला तसे वाटत नाही. घरातील मृत्यू जी. एं.नी लहान वयापासून एकामागून एक पाहिले होते. त्यांच्या कथेत पोरके मूल नातलगाच्या दारात येऊन उभे राहते. ‘कैरी’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. हेच पोरकेपण पुढे वाळवंटातल्या प्रवाशाच्या अंगावर निराळा अंगरखा घालून येते. माणूस कितीही दूर चालत गेला तरी ठरलेले त्याच्या आधी तेथे जाऊन बसलेले असते, ही त्या कथांची जाणीव मला तरी परदेशी वाटत नाही. ती मला आपल्याकडच्या माजघरातली वाटते. आणि याच लेखकाने ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’मध्ये बालपणीचे बेळगाव असे उभे केले आहे की, त्याने गाव विसरले असे म्हणण्याची सोय उरत नाही. शीर्षकातला ‘अरभाट’ हा शब्दच पाहा. प्रमाण मराठीच्या परीक्षेत मी त्याखाली लाल रेघ मारली असती.

आणखी एक गोष्ट, जी फारशी बोलली जात नाही. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची त्रयी जी. एं.नी मराठीत आणली : ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. घनदाट अरण्यात आलेली माणसे झाडे तोडून शेते करतात आणि शेतांभोवती हळूहळू गाव वसते, अशी ती कथा. सभासमारंभ टाळणारा, छायाचित्रालाही नकार देणारा धारवाडचा हा एकांतप्रिय माणूस, गाव कसे वसते याची इतकी पाने मराठीत करीत बसला होता. अनुवादासाठी माणूस कोणते पुस्तक निवडतो हेही त्याचे आत्मचरित्रच असते.

धारवाडचे नाव निघाले म्हणून एक हिशेब मांडते. तो काहींना रुचणार नाही. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले. १९७३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे एक मानकरी बेंद्रे होते. त्याच वर्षी जी. एं.च्या ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे वाद उद्भवल्यावर तो त्यांनी परत केला, हा भाग वेगळा. एकाच गावच्या हवेत एकाने कन्नड लिहिले, दुसऱ्याने मराठी. आता मूळ म्हणजेच मालकी असे धरले तर जन्मघरच्या भाषेवरून आपण बेंद्र्यांवर हक्क सांगू, आणि राहत्या गावावरून कन्नड मंडळी जी. एं.वर सांगतील. दोन्ही दावे कागदावर मजबूत ठरतील, आणि दोन्हीकडे पुस्तके न उघडताच राहतील. सीमाप्रश्नाची तळमळ मला इतरांहून कमी नाही. माझ्या वडिलांनी त्यासाठी कारावास भोगला आहे. पण जमिनीच्या दाव्याची भाषा आपण लेखकांना लावली, हे मला या वयात खुपते. आपल्या घरातले ‘अक्का’, ‘अण्णा’, ‘अप्पा’ हे शब्द कोठून आले हे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्यासाठी आपण कोणावर फिर्याद केलेली नाही.

आता वाचनालयाविषयी, कारण शताब्दी त्याची आहे. आपल्या दालनात ‘सीमाभागातील साहित्यिक’ अशी पाटी असलेले काचेचे सुंदर कपाट आहे. देणगीदारांनी ते प्रेमाने दिले. त्यात या तिघांची पुस्तके, काही पहिल्या आवृत्त्या, एक-दोन स्वाक्षऱ्या आहेत. कपाटाला कुलूप असते. या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी ‘वनवास’ मागितले तेव्हा किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. पुस्तक कोरे होते. मागच्या पानावरील तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता, आणि ग्रंथपालांनी थोड्या संकोचाने सांगितले की देवघेवीच्या फळीवरची प्रत फाटल्यामुळे कधीच रद्द झाली. पहिल्या आवृत्त्या जपाव्यात, याबद्दल वाद नाही. परंतु प्रत्येक पुस्तकाची निदान एक प्रत हाताळण्यासाठी, फाटण्यासाठी बाहेर असावी, एवढी विनंती मी कार्यकारी मंडळाला लेखी केली आहे आणि आज सभासदांसमोर तोंडीही करते. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी घरोघर फिरून वर्गणी जमवली त्यांनी ती कपाटासाठी जमवली नव्हती.

मी किल्लीची वाट पाहत बसले होते तेव्हाचा प्रसंग सांगते आणि थांबते. बारातेरा वर्षांची एक मुलगी आजीबरोबर आली होती. शाळा इंग्रजी माध्यमाची. २०२४ साली आलेली ‘लंपन’ ही मालिका तिने मोबाइलवर पाहिली होती आणि तिला ‘त्या मुलाचे खरे पुस्तक’ हवे होते. कपाट उघडले तेव्हा मी ते आधी तिच्या हाती दिले. ती बाकावर बसून बोट ठेवून, अक्षरे लावीत वाचू लागली. मधूनच फिसकन हसली आणि आजीला म्हणाली, ‘आज्जी, हा आपल्यासारखंच बोलतोय की!’ आजीला घरी स्वयंपाकाची घाई होती. दोनतीनदा तिने हाक मारली. मुलीने पानावरचे बोट न उचलता सांगितले,

‘तू हो पुढं. मी येतो.’